सहावं बोट, गिराण आणि जीन्स: देवगडच्या एका मामाला सविस्तर उत्तर

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी थोडक्यात परत लिहिते. तुम्ही देवगडकडचे. बहिणीचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं, २०२५ च्या नोव्हेंबर अखेरीला मुलगा झाला, पूर्ण दिवसांचा, वजन चांगलं, लगेच रडला. दोन्ही हातांना करंगळीच्या बाहेरच्या बाजूला एकेक जादा बोट आहे आणि डाव्या पायाची दुसरी-तिसरी बोटं कातडीनं जोडलेली आहेत. बारशाला सासरची माणसं आली तेव्हा सासूबाई बोलून गेल्या, "गिराणात आडाळो हातात घेतल्यान, म्हणान असा झाला," (म्हणजे ग्रहणात विळी हातात घेतली म्हणून असं झालं) आणि तेव्हापासून बहीण धड जेवत नाही. मग कुणीतरी "जीन्समध्येच खराबी असेल" म्हणालं, ते ऐकून भावोजी पण गप्प झाले. तुम्हाला जाणून घ्यायचंय की हे ग्रहणामुळे की जीन्समुळे, आणि पुढच्या बाळालाही असंच होईल का. शेवटी जाता जाता तुम्ही एक ओळ लिहिलीत, भावोजींच्या आजोबांना पण "सहा बोटं होती म्हणतात". माझ्या दृष्टीनं तुमच्या सगळ्या लिहिण्यातली ही सर्वात कामाची ओळ आहे, तिच्याकडे नंतर येते.

मी बालरोगतज्ज्ञ आहे, २६ वर्षं सिंधुदुर्गातच प्रॅक्टिस करतेय. अशी बाळं दरवर्षी हातात येतात, आणि दर वेळी घरच्यांचा पहिला प्रश्न हाच असतो की कशामुळे झालं, म्हणजे खरं तर कुणामुळे झालं. डॉक्टर म्हणून माझ्या डोक्यात तेव्हा दुसराच प्रश्न चालू असतो, तो म्हणजे हे बोट एकटंच आहे का, की शरीरात आत अजून कुठे काही वेगळं घडलंय आणि बोट नुसतं बाहेर दिसतंय. तुमचा पण खरा प्रश्न हाच असायला हवा. बाळाला न बघता त्याचं पक्कं उत्तर मी देऊ शकत नाही, जे लिहीन त्यातलं बरंचसं "असं असेल तर तसं" याच भाषेत असेल. पण एका गोष्टीबद्दल मला जराही शंका नाही, ती आधी सांगून टाकते.

ग्रहणाचा आणि या बोटांचा काहीही संबंध नाही, आणि हे मी फक्त विज्ञानाचा दाखला देऊन नाही, तारखा मांडून दाखवते. गर्भ राहिल्यापासून बाळ जन्मायला साधारण २६६ दिवस लागतात. नोव्हेंबर अखेरीची डिलिव्हरी, म्हणजे गर्भ राहिला मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास. हाताची कळी फुटते २६व्या-२७व्या दिवशी, म्हणजे गुढीपाडवा झाल्यावर तीन-चार दिवसांत. सहाव्या आठवड्यात त्या कळीत बोटांच्या रेघा उमटतात आणि आठव्या आठवड्याच्या शेवटी बोटं एकमेकांपासून सुटी होतात, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास. तुमच्याकडे तेव्हा हापूसच्या पेट्या भरायची घाई चालू असेल, आणि बहिणीच्या पोटात एवढ्याशा बाळाची, जेमतेम तीन सेंटीमीटरच्या, बोटं मोजून तयार झालेली होती, जी जादा आहेत ती पण. आणि खग्रास चंद्रग्रहण कधी होतं, तर ७ सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी रात्री. तेव्हा तिला सातवा महिना होता. चार महिन्यांपूर्वी तयार झालेलं बोट त्या रात्री आडाळ्यानं कसं काय फुटेल? हे कागदावर तारखांसकट लिहून काढा आणि बहिणीला दाखवा. मी माझ्या ओपीडीत प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे हेच लिहून देते, आणि बाळाच्या आजीला शेजारी बसवून देते, कारण आजी वाईट नसते, तिला तिच्या सासूनं हेच सांगितलेलं असतं आणि तिलाही आयुष्यात कुणी कधी तारखा मांडून दाखवलेल्या नसतात.

आता "जीन्समध्ये खराबी" म्हणजे काय ते. हे वाक्य ऐकलं की लोकांना वाटतं रक्त खराब, घराणं खराब. तसं काही नसतं. जीन म्हणजे आई-वडलांकडून येणारी, शरीर घडवायची एक लिहिलेली सूचना. त्यासाठी शरीराचा आराखडा कसा ठरतो हे थोडं समजून घ्यायला लागेल, जरा लांबण लागेल पण ऐकाच.

घरी कोलंबी सोलताना एकदा नीट बघा. मोठी कोलंबी घ्या, डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळी खंडाखंडांची बनलेली असते, आणि जवळजवळ प्रत्येक खंडाला एकेक जोडी अवयव असतो. पुढे लांब मिशा, मग तोंडाजवळ अन्न धरायचे बारीक जबडे, मग चालायचे पाच जोड पाय, त्याच्यामागे पोटाखाली पोहायचे पाच जोड चपटे पाय आणि शेवटी शेपटीचा पंखा. माझी आई कोलंबी साफ करायला बसली की मी लहानपणी ते एकेक पाय ओळीनं पाटावर मांडत बसायचे, मोठ्यापासून छोट्यापर्यंत. तेव्हा कळलं नव्हतं की मिशी काय, जबडा काय, पाय काय, मुळात ही सगळी एकाच प्रकारच्या अवयवाची रूपं आहेत. प्रत्येक खंडात पेशी त्याच, पेशीतली माहिती तीच. मग एका खंडाला मिशी आणि दुसऱ्याला पाय का येतो? कारण त्या खंडाला "तू कुठे आहेस" हे सांगणारे जीन्स असतात. त्यांना हॉक्स जीन्स म्हणतात.

हॉक्स जीन स्वतः पाय बांधत नाही की मिशी बांधत नाही. तो फक्त पत्ता सांगतो. आपल्याकडे गावात वरची वाडी, मधली वाडी, खालची वाडी असते ना, तसं, तू वरच्या वाडीतला, तू खालच्या वाडीतला. पुढचं बांधकाम दुसरे जीन्स करतात, पण पत्ता चुकला तर चांगला पाय चुकीच्या वाडीत उभा राहतो. फळमाशीत हे अगदी डोळ्यांनी दिसतं, केळ्यांवर घोंगावते तीच बारीक माशी. तिच्या अँटेनापेडिया नावाच्या जीनमध्ये एक विशिष्ट बदल झाला की डोक्यावर मिशीच्या जागी चक्क पाय उगवतो, पूर्ण, सांध्यांसकट. अल्ट्राबायथोरॅक्स नावाच्या दुसऱ्या जीनचं काम एका खंडात बंद पाडलं की दोन पंखांची माशी चार पंखांची होते. एडवर्ड लुईस यांनी या माश्यांवर आयुष्य घालवलं आणि क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस यांनी अळीचे खंड कुठल्या जीन्समुळे पडतात ते शोधलं, तिघांना मिळून १९९५ चं नोबेल मिळालं.

माशीचं माणसाशी काय, असं वाटेल. १९८३-८४ च्या सुमारास कळलं की या सगळ्या जीन्समध्ये १८० अक्षरांचा (जीन ज्या रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो ती) एक तुकडा जवळजवळ सारखाच आहे, आणि तोच तुकडा बेडकात, उंदरात, माणसात पण सापडला. माशीत हॉक्स जीन्स ८ आहेत, आपल्यात ३९, चार गटांत, २, ७, १२ आणि १७ नंबरच्या गुणसूत्रांवर. आणि मला अजूनही ज्याचं नवल वाटतं ते म्हणजे, हे जीन्स गुणसूत्रावर ज्या क्रमानं बसलेत साधारण त्याच क्रमानं शरीरात डोक्याकडून शेपटीकडे कामाला लागतात. मानेचे मणके कुठे संपतात आणि बरगड्यांचे कुठे सुरू होतात हे यांच्यामुळे ठरतं. मानेचे मणके माणसाला ७, म्हशीला ७, जिराफालाही ७. काही माणसांना मानेच्या शेवटच्या मणक्याला एक जादा बरगडी फुटलेली असते, एक्सरेत अचानक दिसते, तीही एक वाडी सरकल्याचीच खूण.

म्हणजे आपल्याकडच्या चिऱ्यासारखं आहे बघा. चिरा तोच, त्याचाच गडगा, त्याचीच विहीर, त्याचंच देऊळ. माणसात जीन्स साधारण २० हजार, तेवढ्यात सगळं भागवायचं म्हणजे तीच ती सूचना शरीरात ठिकठिकाणी, वेगवेगळ्या वेळी वापरावी लागते. ही एक गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा, कारण बाळाच्या तपासण्या का करायच्या ते यातूनच येतं.

आता हाताकडे येऊ. हाताची कळी म्हणजे सुरवातीला शरीराच्या बाजूला आलेला एक चपटा उंचवटा, वल्ह्याच्या पात्यासारखा. त्यात अंगठा कुठे आणि करंगळी कुठे हे कसं कळतं? कळीच्या करंगळीकडच्या कडेला पेशींचा एक छोटा गट असतो. १९६८ साली कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लावर एक प्रयोग झाला, हा गट एका कळीतून काढून दुसऱ्या कळीच्या उलट्या बाजूला, अंगठ्याकडे लावला, आणि त्या पंखाला आरशात बघितल्यासारखी दुहेरी बोटं आली, दोन्हीकडून आत. पुढे १९९३ मध्ये कळलं की हा गट एक प्रथिन सोडतो, त्याचं नाव सॉनिक हेजहॉग. (हेजहॉग नाव मूळ माशीतल्या जीनचं, तो बिघडला की अळी काटेरी दिसते म्हणून.) हे प्रथिन करंगळीकडे दाट आणि अंगठ्याकडे विरळ होत जातं, अंगठ्यापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. पेशींना ते किती आणि किती वेळ मिळालं त्यावरून कुठलं बोट व्हायचं आणि किती व्हायची हे ठरतं. आणि जीएलआय३ नावाचा दुसरा एक जीन आहे, तो बोटांच्या संख्येला लगाम घालतो. त्याच्या दोन प्रतींपैकी (एक आईकडची, एक वडलांकडची) एक अधू असेल तर लगाम सैल पडतो आणि जादा बोट येतं, बऱ्याचदा करंगळीकडे, म्हणजे तुमच्या भाच्याला आहे तसं.

अंगठ्याच्या बाजूला जादा बोट येतं त्याचं कारण बऱ्याचदा वेगळं असतं. सॉनिक हेजहॉगचा हातापायासाठीचा स्विच, म्हणजे तो जीन तिथे कधी आणि कुठे चालू व्हायचा हे ठरवणारा तुकडा, त्या जीनपासून तब्बल १० लाख अक्षरं लांब, दुसऱ्याच एका जीनच्या पोटात बसलेला आहे. त्या स्विचमध्ये एखादं अक्षर बदललं की प्रथिन अंगठ्याकडेही थोडं सुटतं आणि तिथे बोट वाढतं. जीन शाबूत, प्रथिन शाबूत, फक्त दिवा लागायला नको त्या खोलीत लागला. सापांत हाच स्विच निकामी झालाय. २०१६ मध्ये उंदरात सापाचा स्विच घातला तर उंदराचे पाय नुसते खुंटासारखे राहिले. आंब्याच्या बागेत अजगर सापडतो तेव्हा सर्पमित्राला विचारा, शेपटीजवळ दोन बाजूंना बारीक नख्या असतात, ते त्याचे उरलेले मागचे पाय आहेत. म्हणून मी "खराबी" हा शब्द वापरत नाही. यातला पुष्कळसा भाग कुठली सूचना कुठे आणि किती वेळ चालू राहिली, एवढाच असतो.

पायाची बोटं जोडलेली का? तर बोटं सुटी होताना मधली कातडी आणि पेशी ठरवून मरतात, कात्रीनं कापावं तशा नाही, आतून विरून जातात. कोंबडीच्या पायात त्या मरतात, बदकाच्या पायात एक प्रथिन मरणाचा निरोप अडवून धरतं म्हणून पडदा राहतो. बाळाच्या पायात दुसऱ्या-तिसऱ्या बोटांत तो निरोप थोडा कमी पोचला. हे खूप कॉमन आहे, एवढंच असलं तर चालायला, पळायला, चप्पल घालायला काहीही अडचण येत नाही, मी बहुतेकांना त्याचं ऑपरेशन करूच नका म्हणते.

आता "बोट एकटंच आहे का" या मुद्द्यावर. सॉनिक हेजहॉग फक्त हातात काम करत नाही. त्याच्याही आधी, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, ते बाळाच्या मेंदूचे आणि चेहऱ्याचे दोन भाग करतं, दोन डोळे दोन बाजूंना जातात ते त्यामुळे. १९५० च्या दशकात अमेरिकेत आयडाहो राज्यात मेंढ्यांना एकाच डोळ्याची कोकरं व्हायला लागली होती. शेवटी कळलं की मेंढ्या गाभण असताना डोंगरावर एक रानटी वनस्पती खात होत्या, त्यातलं द्रव्य हीच सूचना अडवत होतं, आणि तेसुद्धा ठरावीक दिवसांतच खाल्लं तर, आधी किंवा नंतर खाल्लं तर कोकरू साधारण नॉर्मल. आपल्याकडेही कधी एका डोळ्याचं करडू होतं, मोबाईलवर फोटो फिरतात, कोणी अवतार म्हणतं कोणी अपशकुन म्हणतं. मला त्या फोटोत फक्त एक मुका जीव दिसतो ज्याच्या चेहऱ्याला वेळेवर निरोप पोचला नाही.

तसंच टीबीएक्स५ नावाचा जीन. तो हात घडवतो आणि हृदयाचा मधला पडदाही घडवतो. म्हणून अंगठा नसलेलं, किंवा अंगठा बोटासारखा लांब तीन पेरांचा असलेलं बाळ आलं की मी पहिलं काय करते तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला पाठवते. एचओएक्सए१३ या हॉक्स जीनमध्ये बदल असलेल्या मुलींचे अंगठे आखूड असतात आणि गर्भाशयाची घडण पण वेगळी असू शकते, कारण तो जीन हाताच्या टोकाला आणि ओटीपोटात दोन्हीकडे वापरला जातो. हात बघून गर्भाशयाबद्दल विचारायचं, हे घरच्यांना विचित्र वाटतं, पण कारण हे आहे.

तुमच्या भाच्याच्या बाबतीत, म्हणजे करंगळीकडचं बोट, मी विशेष बघते ती किडनी, डोळे आणि हृदय. सॉनिक हेजहॉगचा निरोप पेशीवरच्या एका बारीक केसावर घेतला जातो, सिलिया म्हणतात त्याला. हा केस नीट बनला नाही तर बोटं वाढतात, आणि तोच केस किडनीत आणि डोळ्याच्या पडद्यात पण लागतो, म्हणून तिथेही त्रास होऊ शकतो. बार्डेट-बीडल नावाचा आजार यातला. तो जन्मतः दिसत नाही, बाळ गुटगुटीत दिसतं म्हणून घरचे खूशच असतात, मग वजन वाढतच जातं आणि शाळेच्या वयात संध्याकाळनंतर दिसेनासं होतं. हा आजार विरळा आहे, घाबरवायला सांगत नाही, पण किडनीची एक साधी सोनोग्राफी आणि पुढे वजनावर लक्ष, एवढ्यानं मन निश्चिंत होतं.

मी तपासते कशी तेही सांगते, म्हणजे तुमच्या डॉक्टरांनी काय बघितलंय ते तुम्ही विचारू शकाल. बाळाला पूर्ण उघडं करून उजेडात ठेवते. आधी लांबून नुसतं बघते, चेहरा, हातापायांची लांबी शरीराच्या मानानं बरोबर आहे का, छाती अरुंद नाही ना. मग जादा बोट दोन बोटांत धरून हळूच हलवते, नुसता कातडीचा बारीक देठ आहे की आत हाड लागतं, नख आहे का, बाळ ते बोट वाकवतं का. बाकीच्या बोटांची नखं बघते, कारण एलिस-व्हॅन क्रेव्हेल्ड नावाच्या आजारात नखं बारीक खुरटी असतात आणि हृदयाला बऱ्याचदा भोक असतं. करंगळी तोंडात घालून टाळू चाचपते, मागच्या बाजूची फट बाहेरून दिसत नाही. डोळ्यात टॉर्च मारून लाल चमक येते का बघते, छातीला आवाज ऐकते, मांडीच्या नाडीवर बोट ठेवते, लघवीची आणि शौचाची जागा बघते, पालथं करून पाठीच्या मणक्यावरून बोट फिरवते. हे सगळं नीट असेल, बाळ अंगावर चांगलं पीत असेल आणि घरात आधी कुणाला असं बोट असेल, तर माझ्या अनुभवात बहुतेक बाळं ठणठणीत निघतात आणि बोट हे नुसतं बोटच असतं.

आणि इथेच आजोबा येतात. भावोजींच्या आजोबांना सहा बोटं होती आणि ते म्हातारपणापर्यंत धडधाकट जगले असतील, तर ही चांगली बातमी आहे. एकटं जादा बोट बऱ्याचदा अशाच पद्धतीनं घराण्यात चालत येतं, ज्याच्यात तो बदल आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो मिळायची शक्यता निम्मी, ५० टक्के, दर वेळी नव्यानं नाणं उडवल्यासारखी. पण बदल मिळाला म्हणजे बोट दिसेलच असं नाही. भावोजींच्या वडलांना आणि भावोजींना बोट नाही, तरी त्यांच्यातून तो बाळाला आलेला असू शकतो. म्हणजे पुढच्या बाळाला व्हायची शक्यता ५० टक्क्यांपेक्षा कमी, पण शून्य नाही. आणि भावोजींना सांगा, यात त्यांचाही काही दोष नाही, हा बदल कुणी निवडून घेत नाही आणि कुणी मुद्दाम देत नाही.

मात्र एक गोष्ट बदलली तर माझं उत्तर बदलेल. बहिणीचं आणि भावोजींचं लग्न नात्यातलं आहे का, मामाची मुलगी, आत्याचा मुलगा असं काही? आपल्याकडे हे होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, पण डॉक्टरला सांगायलाच हवं. सिलियाचे जे आजार वर सांगितले ते आई आणि वडील दोघांकडून एकेक अधू प्रत आली तरच होतात, आणि नात्यातल्या लग्नात तशी दोघांकडे एकच प्रत असायची शक्यता वाढते. तसं असेल तर, किंवा तपासणीत दुसरं काही सापडलं तर, मी जेनेटिक्सच्या डॉक्टरांचा सल्ला आणि रक्ताची जीन तपासणी सांगते, आणि त्यात असा आजार पक्का निघाला तर पुढच्या बाळाचा धोका दर वेळी २५ टक्के असतो. नसेल, आणि बाकी सगळं नीट असेल, तर महागड्या टेस्टच्या मागे लागू नका.

बोट काढायचं कधी? घरी दोरा बांधू नका. हे मी हात जोडून सांगते. माझ्याकडे एक बाळ आलं होतं नवव्या दिवशी, शेजारच्या एका बाईनं जादा बोटाच्या मुळाशी घट्ट दोरा बांधलेला, वर हळद. बोट काळं पडलेलं, सगळा पंजा सुजलेला आणि बाळ तापानं फणफणलेलं. आत हाड होतं, ते दोऱ्यानं कधीच सुटणार नव्हतं. पाच दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक दिल्यावर ते बाळ सावरलं. नुसता कातडीचा देठ असेल तर सर्जन पहिल्या काही महिन्यांत ती जागा बधिर करून काढतात. हाड आणि सांधा असेल तर बाळ साधारण वर्षाचं झालं की भूल देऊन, कारण नुसतं कापून चालत नाही, करंगळीचे स्नायू आणि सांधा नीट बसवावा लागतो. आधी एक्सरे. खर्चाचा प्रश्न असेल तर अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं त्यांना बाळ दाखवा, ही योजना २०१३ मध्ये आपल्या कोकणातूनच, पालघरहून सुरू झाली, आणि जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रात पुढचं ऑपरेशन कुठे होईल ते सांगतात.

पुढच्या बाळासाठी काय करायचं हेही तुम्ही विचारलंय. या बोटासाठी करण्यासारखं काही नाही, पण बाळाच्या घडणीत जे खरोखर आपल्या हातात असतं ते लोक करत नाहीत आणि आडाळ्यावर मात्र पहारा ठेवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी २८व्या दिवशी बंद होऊन जाते, बाईला तेव्हा कुठे दिवस राहिल्याची शंका येते. म्हणून फॉलिक ॲसिडची गोळी, रोज ४०० मायक्रोग्रॅम, दिवस राहायच्या आधीपासून घ्यायची असते, तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवल्यावर नाही. साखर असेल तर ती आधी ताब्यात आणायची, वाढलेली साखर बाळाचं हृदय आणि मणका दोन्ही बिघडवू शकते. फिटची औषधं चालू असतील तर मनानं बंद न करता डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्यायची, व्हॅल्प्रोएट विशेषतः. आणि पिंपल्ससाठी मेडिकलमधून आयसोट्रेटिनॉइनच्या कॅप्सूल घेतात मुली, ती तर अजिबात नको. ती व्हिटॅमिन ए च्या घराण्यातली आहे, आणि हॉक्स जीन्सना वाडीचा पत्ता सांगणारा निरोप गर्भात याच घराण्यातल्या द्रव्यानं जातो. बाहेरून ते जास्त आलं की पत्ते सरकतात, कान, हृदय, मेंदू बिघडतात. थॅलिडोमाइड नावाच्या औषधाचंही असंच झालं, १९५७ मध्ये जर्मनीत विकायला आलं, गरोदर बायकांनी मळमळीसाठी घेतलं, १९६१ मध्ये बंद होईपर्यंत जगभरात साधारण १० हजार बाळं आखूड किंवा नसलेल्या हातापायांची जन्मली. तिथेही वेळच ठरवत होती, गर्भ राहिल्यापासून साधारण २० ते ३६ दिवसांतली गोळी. सातव्या महिन्यात घेतली असती तर हात जागेवर राहिले असते.

तर सध्या एवढं करा. बाळाला घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जा, किडनीची सोनोग्राफी आणि हाताचा एक्सरे करून घ्या, हृदयाचा आवाज वेगळा वाटला तर इको. जाताना बहिणीच्या सासूबाईंना बरोबर न्या, त्यांना मुद्दाम न्या, आणि डॉक्टरांना त्यांच्यासमोरच तारखा विचारा. भावोजींच्या घरी जुना अल्बम असेल तर आजोबांचा हात दिसणारा एखादा फोटो शोधा, लग्नातला, भजनातला, कसलाही. बोट करंगळीकडे होतं की अंगठ्याकडे तेवढं बघून मला कळवा, आणि लग्न नात्यातलं आहे का तेही.